पेडल मऊ का लागतं? ब्रेकच्या नळीची शंभर वर्षांची गोष्ट

गाडीला काहीतरी नवीन लावायची हौस आपल्या वयाच्या लोकांना जरा जास्तच असते. पगार होतो, हप्ते जाऊन थोडे पैसे उरतात, आणि मग शनिवारी सकाळी मित्राच्या बिल्डिंगखाली जॅक लागतो. या हौसेतला एक आवडता प्रकार म्हणजे कंपनीने दिलेले ब्रेकचे रबरी होज पाइप काढून तिथे स्टीलच्या जाळीचे होज बसवणं. दिसायला झकास, आणि विकणारा सांगतो की रबर फुगतं, स्टील फुगत नाही, त्यामुळे पेडल दगडासारखं घट्ट होईल.

मंडळी मेहनत घेऊन ते बसवतात, गाडीत बसतात, ब्रेक दाबतात, आणि पेडल पूर्वीपेक्षाही मऊ! एखाद्या उशीवर पाय ठेवावा तसं. दोनचार वेळा भराभर पंप केलं की वर येतं, थांबलं की पुन्हा खाली. मग पहिला निष्कर्ष ठरलेला: होज बोगस आहेत, पैसे गेले.

होज बहुतेक वेळा निर्दोष असतात. गडबड असते ती आत राहिलेल्या हवेची. हे कुठलाही गॅरेजवाला दोन सेकंदांत सांगेल ("हवा धरलीय साहेब"). पण थोडीशी हवा ब्रेकचा इतका कचरा का करते, आणि इतकी नाजूक अट असलेली यंत्रणा जगभरच्या गाड्यांत मुळात आलीच कशी, हे शोधायला गेलं की फार मजेदार माणसं भेटतात. त्यांच्यातल्या एकाला तर शेवटपर्यंत या यंत्रणेचा भरवसा वाटत नव्हता, आणि त्याचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं.

सुरुवात लोखंडी कांबींपासून करू. १९१०च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पेडल दाबलं की सळ्या किंवा तारा ओढल्या जायच्या आणि त्या चाकाजवळचा पट्टा किंवा शू आवळायच्या. सायकलच्या ब्रेकचंच मोठं भावंड. पुढच्या चाकांनाही ब्रेक हवेत हे कळत होतं, कारण ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो. पण पुढची चाकं वळतात आणि स्प्रिंगवर वरखालीही होतात, म्हणजे तिथपर्यंत सळी नेणं ही कसरत. त्याहून मोठी अडचण म्हणजे चारही चाकांना सारखा जोर लागला पाहिजे. एक सळी जराशी सैल, एक सांधा गंजलेला, की गाडी ब्रेक मारताच एका बाजूला पळणार. कोरड्या रस्त्यावर शिव्या देऊन भागेल, ओल्या रस्त्यावर गाडी फिरून उलटी तोंड करून उभी. चार सळ्या सारख्या जोरात ठेवण्यासाठी सतत नट फिरवत बसावं लागे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

यावरचं उत्तर तत्त्व म्हणून अडीचशे वर्षं आधीच लिहून झालेलं होतं. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला आहे. त्याचा द्रवांविषयीचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने छापला गेला. पण कागदावरचा नियम यंत्रात उतरवायचा तर दट्ट्याच्या कडेने पाणी गळता कामा नये. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हा तो याच प्रश्नावर अडला होता. (हा ब्रामा भलताच उद्योगी. सुधारित फ्लशचा संडास आणि फुटता न फुटणारं कुलूप हीदेखील त्याचीच कामं.) गळती थांबवायची युक्ती त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेने काढली असं सांगतात: वाटीच्या आकाराचं चामडं. दाब वाढला की वाटीची कड बाहेर ढकलली जाते आणि भिंतीला आणखी घट्ट चिकटते. म्हणजे ज्या दाबामुळे गळायला हवं, तोच दाब गळती बंद करतो.

आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी सायकलचा हातपंप उघडलाय त्यांनी ही वाटी पाहिलेली आहे. तोच तो चामड्याचा वायसर, तेल लावून मऊ केला की पंप पुन्हा हवा मारायला लागायचा. आज तुमच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये जो रबरी कप आहे तो या वायसरचा थेट वंशज. आणि त्याचा एक दुर्गुणही वंशपरंपरेने आलाय. तो एकाच दिशेने घट्ट बसतो. आतून दाब आला तर पक्का, आतमध्ये ओढ निर्माण झाली तर त्याची कड सैल पडते आणि बाहेरची हवा आत जाऊ शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॅलिफोर्निया. अ‍ॅलन आणि माल्कम लॉगहेड हे दोघे भाऊ. आडनावाचा उच्चार त्यांच्या मते 'लॉकहीड', पण लोक ते 'लॉगहेड' असंच वाचायचे. १९१३ साली त्यांनी स्वतः बांधलेलं समुद्री विमान सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर उडवलं, आणि १९१५च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात पैसे घेऊन लोकांना फिरवूनही आणलं. पुढे विमानं बांधायची कंपनी काढली, पण महायुद्ध संपल्यावर सैन्याची जुनी विमानं बाजारात इतकी स्वस्त आली की नवीन विमान कोण घेणार? १९२१मध्ये ती कंपनी बंद पडली. माल्कम त्याआधीच, १९१९ साली, बाहेर पडला होता. त्याच्या डोक्यात द्रवाने चालणारा ब्रेक होता. डेट्रॉइटला जाऊन त्याने ब्रेकची कंपनी काढली आणि कटकट नको म्हणून नाव जसं उच्चारतात तसंच लिहिलं: लॉकहीड.

१९२६ साली अ‍ॅलनने जॅक नॉर्थ्रॉपबरोबर पुन्हा विमान कंपनी सुरू केली, तेव्हा तिला हेच स्पेलिंग लावलं, कारण माल्कमच्या ब्रेकमुळे ते नाव लोकांच्या ओळखीचं झालं होतं. म्हणजे आज लढाऊ विमानांवर दिसणारं लॉकहीड हे नाव त्या स्पेलिंगसकट ब्रेकच्या धंद्यातून आलेलं आहे. माहिती म्हणून सांगितलं, पार्टीत उपयोगी पडते. असो.

हायड्रॉलिक ब्रेक गाजला तो मात्र शर्यतीत. जुलै १९२१मध्ये फ्रान्सच्या ल मां गावी झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फी नावाचा अमेरिकन ड्युसेनबर्ग गाडी घेऊन उतरला. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. सरावात अपघात होऊन त्याच्या बरगड्या दुखावलेल्या होत्या, तो पट्ट्या बांधून गाडीत बसला. रस्ता इतका उखडला होता की चाकांखालून दगड उडत होते, त्यात त्याचा रेडिएटर फुटला, टायर बसला, तरी जिंकला. अमेरिकन गाडीत बसून अमेरिकन माणसाने अशी ग्रां प्री जिंकायला त्यानंतर थेट १९६७ उजाडलं. त्याच १९२१ साली ड्युसेनबर्गची मॉडेल ए ही चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली विक्रीची मोटार आली. अर्थात ती श्रीमंतांची गाडी, आणि तिच्या ब्रेकमध्ये पाणी आणि ग्लिसरीनचं मिश्रण होतं.

सामान्य गिऱ्हाइकापर्यंत हे आणलं वॉल्टर क्रायसलरने. जानेवारी १९२४मध्ये आलेल्या क्रायसलर सिक्स या गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, तेही जादा पैसे न घेता. पहिल्याच वर्षी सुमारे ३२,००० गाड्या गेल्या. पण माल्कमचा मूळ ब्रेक जसाच्या तसा वापरण्यासारखा नव्हता. त्यातल्या कच्च्या चामड्याच्या वाट्या वाळायच्या, आक्रसायच्या आणि गळायच्या. क्रायसलरच्या इंजिनियरांनी तिथे रबरी कप बसवले, बाकीही दुरुस्त्या केल्या आणि त्या लॉकहीडलाही वापरू दिल्या. माझ्या मते खरा हायड्रॉलिक ब्रेक इथे जन्मला. कल्पना माल्कमची, पण रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर पडता येईल असा ब्रेक त्या बिननावाच्या रबरी कपामुळे झाला. आपल्याकडेही डेमो एकाचा असतो आणि प्रॉडक्शनमध्ये टिकवतो दुसराच कोणीतरी, त्यातलाच प्रकार.

रबर आलं आणि लगेच नवीन भानगड. साधं खनिज तेल वापरलं तर नैसर्गिक रबर फुगून खराब होतं. पाणी गोठतं, उकळतं, गंज आणतं. मग त्या काळी ब्रेकमध्ये काय घालायचे माहितीये? एरंडेल आणि अल्कोहोल! लहानपणी ज्याच्या नुसत्या नावाने आपण पलंगाखाली लपायचो ते एरंडेल रबराला मात्र मानवतं. पुढे ग्लायकॉल जातीचे द्रव आले, आज डॉट ३, डॉट ४ म्हणून बाटलीत मिळतात ते. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. त्याला हवेतलं पाणी शोषून घ्यायची सवय आहे. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये अशी अट असते. पाणी शोषलेल्या अवस्थेत तीच अट १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक मारून कॅलिपर तापले की जुना द्रव उकळतो, नळीत वाफ होते आणि पेडल आत जातं. वाफ काय आणि हवा काय, पायाला दोन्ही सारखेच.

आता तो न पटलेला माणूस. हेन्री फोर्ड. १९२८मध्ये क्रायसलरने स्वस्तातली प्लायमाउथ काढली तिलाही हायड्रॉलिक ब्रेक होते. फोर्डच्या मॉडेल एला सळ्याच. १९३६मध्ये शेव्हरोले हायड्रॉलिकवर गेली. फोर्डच्या सळ्या चालूच. पेडलपासून चाकापर्यंत सगळं पोलाद, म्हणून सुरक्षित, अशा अर्थाची जाहिरातही फोर्डने चालवली. घरात मुलगा एड्सेल बदल करा म्हणून मागे लागलेला. शेवटी १९३९च्या मॉडेलला फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले, क्रायसलरनंतर पंधरा वर्षांनी.

याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून हसणं सोपं आहे. पण त्याच्या आक्षेपात दम होता. सळी तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. द्रवाची नळी फुटली तर? त्या वेळच्या यंत्रणेत एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट. कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक साफ. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, तोही पायाखाली. सारखा दाब हा ज्या गुणाने जिंकला तोच इथे उलटतो: दाब सगळीकडे सारखा, म्हणजे एका ठिकाणी शून्य झाला की सगळीकडे शून्य.

आणि या आक्षेपाला उत्तर द्यायला उद्योगाला किती वर्षं लागली बघा. एका पेटीत दोन स्वतंत्र भाग असलेला मास्टर सिलिंडर, म्हणजे एक वाट फुटली तरी दुसरी चालू, हा अमेरिकेत कॅडिलॅक आणि रॅम्बलर गाड्यांना १९६२मध्ये मिळाला. बाकीच्यांनी वाट पाहिली. १९६६ साली तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८पासून दुहेरी वाट सक्तीची झाली. १९२४ ते १९६८, चव्वेचाळीस वर्षं. या काळात कोट्यवधी लोक एकाच नळीच्या भरवशावर गाड्या चालवत होते आणि कंपन्यांना ते चालत होतं. फोर्डचं उत्तर चुकीचं होतं, सळ्या हा उपाय नव्हताच. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता, आणि तो जुनाट विचारांचा ठरला म्हणून प्रश्नही बाजूला पडला, हे मला जास्त गंभीर वाटतं.

या कहाणीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच क्रायसलरशी करार करून. १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या. नंतर तिथे फियाट आली, तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३च्या अखेरीपर्यंत मुंबईत धावली.

आता होज पाइपकडे येऊ. चाक हलतं, त्यामुळे धातूच्या नळीचा शेवटचा हातभर भाग लवचिक असावाच लागतो. तिथे रबर, आत कापडी विणीचे थर. स्टीलच्या जाळीचा होज विमानांकडून शर्यतीच्या गाड्यांत आला. आतली नळी टेफ्लॉनची. १९३८च्या एप्रिलमध्ये ड्यूपॉन्टच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटला एका सिलिंडरमधून गॅस येईना, पण वजन तर पूर्ण भरत होतं. कापून बघितलं तर आत पांढरी मेणचट भुकटी. तेच टेफ्लॉन, डोसा न चिकटणाऱ्या तव्यावरचं. ते द्रवांना दाद देत नाही, पण एकटं दाबाला फुटेल, म्हणून वरून स्टीलची वीण.

यात एक गोम आहे. स्टीलची जाळी दाबाला भक्कम, पण टोकाला जिथे ती धातूच्या जोडात दाबून बसवलेली असते तिथे सतत वाकून वाकून थकते. अमेरिकेच्या ब्रेक होजच्या नियमात एक चाचणी आहे, होज यंत्रावर सलग ३५ तास गरगर हलवायचा, फुटता कामा नये. शर्यतीतले सुरुवातीचे जाळीवाले होज तिथेच अडकायचे, पुढे टोकाला आधाराची नळी देऊन ते पास होऊ लागले. म्हणून घेताना अशी चाचणी पास झाल्याचा शिक्का बघावा. नुसत्या चमकेवर जाऊ नये.

रबर खरंच फुगतं का? हो, आणि किती फुगलेलं चालेल हे त्याच नियमात लिहिलंय. एक फूट साध्या बारीक होजचं आकारमान १००० पीएसआय दाबाला जास्तीत जास्त ०.६६ घनसेंटीमीटर वाढलेलं चालतं, कमी फुगणाऱ्या जातीचं ०.३३. आता जरा आकडेमोड करू, इंजिनियर आहोत ना. लहान गाडीचा मास्टर सिलिंडर धरा २०.६४ मिलिमीटर व्यासाचा. त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.३ चौरस सेंटीमीटर. म्हणजे १ घनसेंटीमीटर द्रव ढकलायला दट्ट्या ३ मिलिमीटर सरकतो. पेडलची तरफ चारपट धरली तर पायाला १२ मिलिमीटर. चार चाकांना एकेक फूट चांगला रबरी होज असेल, तर सगळं फुगणं मिळून १.३ घनसेंटीमीटर, पायाला दीड सेंटीमीटर. नवीन होज बसवून तुम्हाला जास्तीत जास्त यातलाच काही हिस्सा परत मिळणार आहे, तोही जोरात ब्रेक मारल्यावर.

आणि त्यासाठी तुम्ही काय केलं? चार रिकामे होज जोडले. ३.२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक फूट होजमध्ये सुमारे २.४ घनसेंटीमीटर हवा मावते. चार मिळून जवळजवळ १०. त्यातली पाव हवा जरी आत राहिली तरी काय होतं? द्रव या दाबाला अर्धा टक्कासुद्धा दबत नाही. हवेचा बुडबुडा मात्र दाब दहापट झाला की आकाराने दहावा हिस्सा उरतो. म्हणजे ब्रेक अजून नीट लागायच्या आतच पाव हवा चिरडून संपली, आणि त्यात तुमच्या पायाचे अडीच सेंटीमीटरहून जास्त गेले. कमावले दीड, घालवले अडीच. पेडल आधी मऊ, मग घट्ट का लागतं त्याचंही कारण हेच. पहिला प्रवास बुडबुडा दाबण्यात जातो, ब्रेक त्यानंतर सुरू होतो. पंप केल्यावर वर येतं, कारण प्रत्येक फेरीत टाकीतून थोडा जादा द्रव आत जातो आणि बुडबुडा दबलेलाच राहतो. गाडी चालवताना ही पंपिंगची सवलत मिळत नाही. समोर रिक्षा थांबली की एकच संधी.

मग उपाय? हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग. पद्धत माल्कमच्या काळापासून फारशी बदललेली नाही. एक जण आत बसतो, एक खाली चाकाशी, निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. खालून आवाज येतो: "मार... मार... धर!" पेडल धरलं की निप्पल अर्धा फेरा सोडायचा, बुडबुडे बाहेर, निप्पल बंद, मगच "सोड!". या क्रमात आतल्या माणसाने घाई करून आधी सोडलं तर नळीत ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत. मघाचा तो वायसर आठवतोय ना, ओढ लागली की सैल पडणारा? ड्रम ब्रेकच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत म्हणूनच एक झडप ठेवत, ब्रेक सोडल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक राहावा आणि कपाची कड भिंतीला टेकलेली राहावी. डिस्क ब्रेकला ती चालत नाही, पॅड घासत राहतील.

होज बदलल्यानंतरचे अडकणारे मुद्दे वेगळेच आहेत. काम चालू असताना टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली असेल तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये शिरते, आणि चाकापाशी कितीही ब्लीडिंग करा, ती वरच बसून राहते. मग आधी मास्टर सिलिंडरच्या जोडाशी हवा काढावी लागते. दुसरं, कॅलिपर काढले होते का? उजवीडावीकडे अदलाबदल झाली तर ते बसतात, ब्रेकही लागतो, फक्त निप्पल वरच्या ऐवजी खाली येतो. हवा वर साठते आणि निप्पलमधून स्वच्छ द्रव येत राहतो. रात्रभर ब्लीडिंग करा, काही फायदा नाही. निप्पल सगळ्यात वरच हवा. तिसरं, जोडाचे तांब्याचे वायसर. जुनेच परत लावायचे नाहीत, नवीन दोन रुपयांना येतात (बरं, दहाला येत असतील).

पेडल मारताना पूर्ण तळापर्यंत दाबायचं टाळावं. जुन्या मास्टर सिलिंडरचा कप रोज ठरावीक भागातच फिरतो, पलीकडची भिंत गंजलेली, खरखरीत असू शकते. तिथे कप गेला की फाटतो, आणि मग हवा निघूनही पेडल खाली जातंच. क्रमाचं म्हणाल तर लांबच्या चाकापासून सुरू करायची जुनी रीत आहे, पण बऱ्याच गाड्यांत दोन वाटा तिरक्या विभागलेल्या असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. त्यामुळे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम बघावा.

हवा कुठल्या चाकाकडे आहे हे शोधायला गॅरेजमध्ये होज चिमट्याने दाबून बंद करतात. एकेक बंद करत जायचं, ज्याने पेडल एकदम घट्ट होईल ते चाक दोषी. डिबगिंगची अगदी शास्त्रशुद्ध पद्धत. पण ती रबरी होजसाठी. टेफ्लॉनचा होज चिमट्यात धरला की आतली नळी कायमची चेमटते, आणि बाहेरून जाळी असल्याने ते दिसतही नाही. नवे होज बसवलेत तर हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका.

एबीएस असेल तर आणखी एक खोली उघडते. १९७८मध्ये बॉशचा इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये आला, तेव्हापासून नळीच्या वाटेत झडपांचा एक डबा बसला. टाकी कोरडी पडली असेल तर हवा त्या डब्यात जाऊन बसू शकते, आणि झडपा बंद असताना साध्या ब्लीडिंगने ती निघत नाही. स्कॅनर लावून झडपा उघडबंद करवाव्या लागतात. यात हट्ट करू नये, सरळ ते यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये, तेही टो करून न्यावं. मऊ पेडलची गाडी "हळूहळू नेऊ" म्हणून चालवत नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

प्रत्येक खाली जाणारं पेडल हवेमुळेच असतं असंही नाही. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. पायाखाली स्प्रिंगसारखं उसळत असेल तर हवा. पेडल घट्ट आहे पण हळूहळू बुडत चाललंय, तर कुठेतरी गळती किंवा मास्टर सिलिंडरचा कप गेलेला. खोल जातं पण तिथे दगडासारखं थांबतं, तर मागच्या ड्रमचे शू ढिले आहेत, होजचा काही संबंध नाही. या तिसऱ्या प्रकारात लोक लिटरभर ब्रेक ऑइल वाया घालवतात.

सगळं झाल्यावर टाकी खुणेपर्यंत भरून झाकण लावा, सांडलेला द्रव रंगावरून लगेच पाण्याने धुवा, नाहीतर तो रंग खातो. मग इंजिन चालू करून पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून धरायला एकाला आत बसवा आणि स्वतः टॉर्च घेऊन चारही चाकांचे जोड एकेक करून बघा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज कुठे घासत नाही ना, तेही. जोड कोरडे असतील तर बिल्डिंगच्या आवारात चालण्याच्या वेगाने चारपाच वेळा ब्रेक मारून बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी टाकीची पातळी पुन्हा एकदा.